स्विफ्टसाठी के अँड एनचा एअर फिल्टर: शक्ती किती वाढते आणि धूळ किती आत जाते

गाडीची ताकद वाढवायची असे मनात आले की आपल्याकडे सर्वांत आधी परफॉर्मन्स एअर फिल्टरचे, म्हणजे इंजिनाला हवा अधिक मोकळी मिळावी म्हणून बनवलेल्या फिल्टरचे, नाव घेतले जाते. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. इंजिन उघडावे लागत नाही, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) हात लावावा लागत नाही, जुना फिल्टर काढून त्याच डब्यात नवा बसवला की काम झाले. आणि पाच ते सात हजार रुपयांत पिकअप व ॲव्हरेज दोन्ही सुधारतील असे सांगणारे दुकानदार प्रत्येक शहरात भेटतात. माझ्याकडे 2018 साली आलेल्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट आहे. तिचे इंजिन 1197 सीसीचे असून ते 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्यांवर) 83 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) शक्ती देते. या गाडीत मी कंपनीचा कागदी फिल्टर आणि के अँड एनचा सुती फिल्टर असे दोन्ही पुरेसा काळ वापरले आहेत. गाडी पुण्यात राहते, चाकण आणि वाघोलीच्या रस्त्यांवर नेहमी जाते आणि वर्षातून काही वेळा घाट उतरून कोकणातही जाते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: के अँड एनचा फिल्टर ही उत्तम बनावटीची वस्तू आहे, परंतु महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर रोज धावणाऱ्या, इंजिनात कोणताही बदल न केलेल्या गाडीसाठी वेळेवर बदललेला चांगला कागदी फिल्टर हीच अधिक योग्य निवड आहे. या मताला आधार असलेली आकडेमोड पुढे सविस्तर मांडली आहे.

आधी वस्तूविषयी. के अँड एन ही कंपनी 1969 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, रिव्हरसाइड या शहरात सुरू झाली. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड या दोन संस्थापकांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. तिच्या फिल्टरमध्ये सुती जाळीदार कापडाचे अनेक थर ॲल्युमिनियमच्या बारीक जाळ्यांमध्ये धरून त्यांच्या घड्या घातलेल्या असतात, त्यावर लाल रंगाचे चिकट तेल दिलेले असते आणि भोवती पॉलियुरेथेनची लवचीक कड असते. धुळीच्या रस्त्यावर चालताना आपण ओला रुमाल तोंडाला बांधतो, त्याच तत्त्वावर हा फिल्टर चालतो: कापडाची वीण मोकळी असते, त्यामुळे हवा सहज जाते, आणि धुळीचे कण ओलसर धाग्यांना चिकटून राहतात. फिल्टर धुऊन, पुन्हा तेल देऊन वापरता येतो आणि कंपनी त्यावर दहा वर्षांची किंवा दहा लाख मैलांची हमी देते. स्विफ्टच्या डब्यात तो अगदी नेमका बसतो. कड सर्व बाजूंनी सारखी दाबली जाते आणि झाकणाच्या क्लिपा ओढूनताणून लावाव्या लागत नाहीत. बनावटीच्या बाबतीत मला तक्रारीला जागा दिसली नाही.

आता शक्तीचा प्रश्न. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमध्ये एकदा हवा ओढतो. त्यामुळे 1.2 लिटरचे इंजिन 6000 आरपीएमवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, मिनिटाला तीन हजारांहून अधिक लिटर हवा आत घेते. ही हवा फिल्टरमधून जाताना तिचा दाब किंचित कमी होतो आणि जेवढा दाब कमी, तेवढी सिलिंडरमध्ये भरणारी हवा कमी. परफॉर्मन्स फिल्टरचा सगळा दावा या एका गोष्टीवर उभा आहे: आमच्या फिल्टरमध्ये दाबाची घट कमी होते. दावा खरा आहे. विचारायचे ते एवढेच, की कमी म्हणजे किती?

या बाबतीत अमेरिकेत ड्युरामॅक्स या मोठ्या डिझेल इंजिनाच्या फिल्टरांवर झालेली एक चाचणी मार्गदर्शक आहे. आयएसओ 5011 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेल्या त्या चाचणीत नव्या के अँड एन फिल्टरमधून जाताना हवेच्या दाबात सुमारे साडेचार इंच पाण्याच्या स्तंभाइतकी घट झाली, तर एसी डेल्कोच्या कागदी फिल्टरमधून जाताना सुमारे सव्वासहा इंचांइतकी. दोहोंतला फरक पावणेदोन इंचांच्या आतला आहे, म्हणजे साधारण 0.4 किलोपास्कल. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब 101 किलोपास्कल असतो. त्यामुळे पूर्ण प्रवाहावरही लाभ अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. स्विफ्टच्या 83 पीएसमध्ये हा फरक अर्धा पीएसही भरत नाही. मी उदारपणे दुप्पट-अडीचपट धरला, म्हणजे एक किलोपास्कल, तरी तो एक पीएसच्या आत राहतो आणि तोही फक्त शेवटच्या हजार-दीड हजार आरपीएममध्ये, जिथे शहरातला चालक क्वचितच पोचतो.

या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी मुंबई–पुणे प्रवासाचे उदाहरण घेऊ. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंचीवर आहे. खोपोलीहून बोरघाट चढून तिथे पोचेपर्यंत वातावरणाचा दाब मुंबईच्या तुलनेत साधारण सात टक्क्यांनी उतरलेला असतो आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. स्विफ्टच्या बाबतीत ही घट सुमारे सहा पीएसची होते. घाट चढल्यावर गाडी बसली असे आपण सहसा म्हणत नाही, कारण सहा पीएसचा हा फरक हळूहळू घडतो. मग फिल्टर बदलल्यावर अर्ध्या पीएसचा फरक पायाला जाणवला असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा त्याला प्रत्यक्षात जाणवलेली गोष्ट बहुधा आवाज असते. सुती फिल्टरमधून इंजिनाच्या श्वासाचा आवाज अधिक मोकळा येतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक खोल, घुमणारा सूर ऐकू येतो आणि तो मला मनापासून आवडतो. गाडी चालवण्याच्या आनंदाचा तो एक खरा भाग आहे आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. जुना फिल्टर धुळीने बुजलेला असेल, तर नवा फिल्टर बसवल्यावर पिकअप खरोखर सुधारते. मात्र त्याचे श्रेय नवेपणाला आहे आणि तीच सुधारणा साडेतीनशे रुपयांचा नवा कागदी फिल्टरही देतो.

ॲव्हरेजबाबत तर शंकेला जागाच उरू नये. पेट्रोल इंजिनात किती हवा आत जाईल हे थ्रॉटलची झडप ठरवते. ताशी 60–70 किलोमीटरच्या स्थिर वेगात ही झडप थोडीशीच उघडी असते आणि हवेला होणारा सर्वांत मोठा अडथळा तिचाच असतो. फिल्टरचा अडथळा थोडा कमी झाला तर चालकाचा पाय नकळत तेवढाच हलका राहतो, झडप किंचित अधिक मिटते आणि इंजिनात पूर्वीइतकीच हवा जाते. हवेच्या प्रमाणात पेट्रोल सोडण्याचे काम ईसीयू करतो. त्यामुळे इंधनाच्या खर्चात काहीही बदलत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये यावर प्रयोग केले तेव्हा आधुनिक गाड्यांमध्ये फिल्टर मुद्दाम बुजवूनही इंधनाच्या खपात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. बुजलेल्या फिल्टरच्या जागी नवा बसवल्यावर वेग पकडण्याची क्षमता मात्र 6 ते 11 टक्क्यांनी सुधारली. कार्बोरेटरच्या जुन्या, 1972 च्या गाडीत इंधनाचा फरक 2 ते 6 टक्के दिसला. ‘फिल्टर साफ तर ॲव्हरेज चांगले’ हा आपल्याकडे रूढ झालेला समज त्या कार्बोरेटरच्या काळातला आहे आणि तेव्हा तो बरोबर होता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत बुजलेला फिल्टरही ॲव्हरेज फारसे पाडत नाही. मग चांगल्या अवस्थेतल्या कागदी फिल्टरच्या जागी सुती फिल्टर बसवून ते वाढेल कसे?

एवढ्यावर हा विषय संपला असता, तर मी म्हटले असते की आवाजासाठी घ्या आणि आनंदाने वापरा. परंतु एअर फिल्टरचे मूळ काम धूळ अडवणे हे आहे आणि नेमक्या त्याच कामाविषयी जाहिरातींत सर्वांत कमी बोलले जाते.

एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे 11 किलो, म्हणजे जवळपास 9 हजार लिटर हवा लागते. लिटरला 15 किलोमीटरचे ॲव्हरेज धरले तर 10,000 किलोमीटरमध्ये इंजिनाने सुमारे सहा हजार घनमीटर हवा गिळलेली असते. या हवेत घनमीटरमागे एक मिलिग्रॅम धूळ आहे असे समजू; खडी क्रशरच्या परिसरातून किंवा काम चालू असलेल्या रस्त्यावरून जाताना ती याहून पुष्कळ जास्त असते. या हिशेबाने दहा हजार किलोमीटरमध्ये सहा ग्रॅम धूळ फिल्टरपर्यंत पोचते. फिल्टर 99.5 टक्के धूळ अडवत असेल, तर 30 मिलिग्रॅम आत जाते. तो 97 टक्के अडवत असेल, तर 180 मिलिग्रॅम. खोक्यावर छापलेले 99.5 आणि 97 हे दोन आकडे शेजारी ठेवले तर जवळजवळ सारखेच वाटतात. इंजिनाच्या दृष्टीने मात्र धूळ सहापट झालेली असते. म्हणून कोणत्याही फिल्टरची तुलना करताना अडवलेल्या धुळीची टक्केवारी शंभरातून वजा करावी आणि जे उरते त्याची तुलना करावी.

के अँड एन स्वतः आपल्या फिल्टरांची कार्यक्षमता 96 ते 99 टक्क्यांच्या दरम्यान सांगते आणि हे ती उघडपणे सांगते, याबद्दल तिला श्रेय द्यायला हवे. वर उल्लेख केलेल्या ड्युरामॅक्सच्या चाचणीत तिच्या फिल्टरने 96.8 टक्के धूळ अडवली आणि एसी डेल्कोच्या कागदी फिल्टरने 99.93 टक्के. वजाबाकी केली तर एकातून 3.2 टक्के आणि दुसऱ्यातून 0.07 टक्के धूळ पार झाली, म्हणजे सुमारे 45 पट. त्याच चाचणीतली दुसरी नोंद मला याहून बोलकी वाटते. ठरावीक गतीने धूळ सोडत राहिल्यावर सुती फिल्टर 24 मिनिटांत कमाल मर्यादेपर्यंत बुजला, तर कागदी फिल्टर 60 मिनिटे टिकला. पहिल्याने 221 ग्रॅम धूळ पोटात घेतली, दुसऱ्याने 574 ग्रॅम. कागद पातळ असल्यामुळे तेवढ्याच चौकटीत त्याच्या पुष्कळ जास्त घड्या मावतात आणि धूळ पसरायला क्षेत्रफळ अधिक मिळते. सुती थर जाड, घड्या मोजक्या. म्हणजे नवा असताना सुती फिल्टर जी मोकळीक देतो, ती धुळीच्या रस्त्यांवर लवकर आटते आणि हे नेमके आपल्याकडच्या परिस्थितीत घडते. ही एका मोठ्या इंजिनाच्या फिल्टरांची चाचणी आहे आणि हे आकडे जसेच्या तसे स्विफ्टला लावता येणार नाहीत, हे खरे. पण कापड आणि कागद यांच्या गुणधर्मातला फरक गाडी बदलल्याने बदलत नाही.

इंजिनाला त्रास देणारी धूळ डोळ्यांना दिसणारी नसते. साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे कण सर्वांत घातक मानले जातात, कारण पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधला तेलाचा पातळ थर जेवढ्या जाडीचा असतो त्याच मापाचे हे कण त्या फटीत शिरून दोन्ही पृष्ठभाग खरवडतात. रस्त्यावरच्या धुळीत सिलिका भरपूर असते; क्वार्ट्झची कठिणता मोहसच्या मापनश्रेणीवर 7 आहे आणि नेहमीचे पोलाद किंवा बिडाचे लोखंड तिच्यापुढे टिकत नाही. ही झीज हळूहळू होते. पन्नास-साठ हजार किलोमीटरपर्यंत काहीच जाणवत नाही. नंतर इंजिन ऑइल कमी होऊ लागते, कॉम्प्रेशन उतरते आणि तोपर्यंत फिल्टरशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. टर्बोच्या गाड्यांमध्ये तर मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर हीच धूळ आदळते.

तेलाने धूळ पकडण्याची कल्पना आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. जुन्या ट्रॅक्टरांना आणि जीपगाड्यांना ऑइल बाथचा एअर क्लीनर असायचा; तळाच्या वाटीत इंजिन ऑइल भरलेले, हवा त्यावर आपटून वळायची आणि धूळ तेलात बसायची. हंगामात रोज सकाळी ती वाटी उघडून गाळ काढणारे लोक अजूनही गावोगावी आहेत. पुढे ट्रॅक्टर आणि अवजड वाहनांच्या कंपन्या हळूहळू कोरड्या कागदी फिल्टरकडे वळल्या, कारण कागद बारीक धूळ अधिक चांगली अडवतो. नांगरटीच्या धुळीत दिवसभर चालणाऱ्या यंत्रांसाठी अभियंत्यांनी केलेली ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. तेल आणि कागद एकत्र वापरण्याचा मार्गही आहे: काही जपानी कंपन्या तेल मुरवलेला कागद वापरतात, आणि होंडा ॲक्टिव्हाचा फिल्टर याच प्रकारचा असतो. असा फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, तो थेट बदलायचा असतो.

हवा मारण्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करून सांगतो. सर्व्हिसिंगच्या वेळी कॉम्प्रेसरच्या नळीने फिल्टरवर जोरात हवा मारून तो परत बसवणे ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत आहे. या दाबाने कागदाचे तंतू फाटतात, डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि अडकलेली बारीक धूळ स्वच्छ बाजूकडे ढकलली जाते. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करत असतो. थोडा वापरलेला कागदी फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ अधिक चांगली पकडतो. म्हणून फिल्टर पुन्हा पुन्हा बाहेर काढून झटकण्यापेक्षा त्याला शांतपणे त्याचे काम करू द्यावे आणि वेळ झाली की टाकून द्यावा. माझ्या मते पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे बारा महिने कुठे ना कुठे खोदकाम चालू असते, पुस्तिकेत दिलेल्या टप्प्याची वाट न पाहता 15 ते 20 हजार किलोमीटरला तो बदलावा. खडी क्रशरच्या भागात राहणाऱ्यांनी, तसेच कोकणातल्या आणि गोव्यातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर रोज ये-जा करणाऱ्यांनी त्याहूनही आधी.

खर्चाचा हिशेब यातूनच निघतो. स्विफ्टचा चांगला कागदी फिल्टर तीन-चारशे रुपयांना मिळतो. वीस हजार किलोमीटरला एक याप्रमाणे लाख किलोमीटरला पाच, म्हणजे दीड ते दोन हजार रुपये. सुती फिल्टर पाच ते सात हजारांचा, आणि तो धुण्यासाठी लागणारे क्लीनर व तेल यांचा संच साधारण दोन हजारांचा. आयुष्यभर टिकणारा फिल्टर स्वस्त पडतो हे म्हणणे आपल्या लहान गाड्यांच्या बाबतीत सरासरी मालकीच्या काळात खरे ठरत नाही. ज्या महागड्या आयात गाड्यांचा कागदी फिल्टरच काही हजारांना मिळतो, तिथे हे गणित बदलते.

धुण्याचे काम सोपे आहे, परंतु ते सावकाश करावे लागते. क्लीनर फवारून दहा मिनिटे थांबायचे, नळाच्या मंद धारेने आतल्या स्वच्छ बाजूकडून बाहेरच्या मळलेल्या बाजूकडे पाणी सोडायचे, पाणी झटकून फिल्टर सावलीत आपोआप वाळू द्यायचा, मग प्रत्येक घडीच्या माथ्यावरून तेलाची एकच बारीक रेघ ओढायची आणि वीस मिनिटांनी जिथे फिकट डाग दिसतील तिथे पुन्हा थोडे तेल द्यायचे. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल वापरायचे नाही, ड्रायर किंवा कॉम्प्रेसर लावायचा नाही आणि घाईने ओला फिल्टर बसवायचा नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तो पूर्ण वाळायला बराच वेळ जातो आणि तेवढा काळ गाडी उभी राहते किंवा जुना कागदी फिल्टर हाताशी ठेवावा लागतो. कंपनी सामान्य महामार्गावरील वापरासाठी 50,000 मैलांपर्यंत धुण्याची गरज नाही असे सांगते आणि धुळीच्या प्रदेशात लवकर तपासायला सांगते. आपला प्रदेश दुसऱ्या वर्गात मोडतो हे खरेदी करतानाच गृहीत धरावे. एक गोष्ट सुती फिल्टरच्या बाजूची आहे: दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि पाणी आत आले तर लगदा होतो, तेल लावलेल्या कापडाला त्याची फारशी भीती नसते.

तेल कमी पडले तर धूळ आत जाते; जास्त झाले तर ते हवेबरोबर ओढले जाऊन एअर फ्लो सेन्सरच्या तापलेल्या तारेवर किंवा पातळ पट्टीवर बसू शकते आणि हवेचे मोजमाप चुकू लागते. कारखान्यातून तेल लावून आलेल्या फिल्टरमध्ये हा धोका कमी असतो. घरी किंवा गॅरेजमध्ये अंदाजाने तेल ओतल्यावर तो वाढतो. आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत असा सेन्सर नसतो, हवेचा हिशेब इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून केला जातो, त्यामुळे तिथे ही चिंता नाही. डिझेल गाड्यांमध्ये मात्र तो सहसा असतोच. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे विचारल्याशिवाय तेलाचा फिल्टर घेऊ नये.

तेल नको असेल तर कोरड्या कृत्रिम धाग्यांचे, धुता येणारे फिल्टर मिळतात; अमेरिकेतील एएफई आणि एईएम या कंपन्या या प्रकारचे फिल्टर बनवतात. सेन्सर असलेल्या गाडीसाठी मी त्यांना तेलाच्या फिल्टरपेक्षा वरचे स्थान देईन. ब्रिटनमधील पायपरक्रॉस फोमचे थर वापरते आणि इटलीची बीएमसी के अँड एनप्रमाणेच तेल लावलेले सुती फिल्टर बनवते. त्यांची तत्त्वे वर आलीच आहेत, म्हणून प्रत्येकाची वेगळी चर्चा करत नाही. यांपैकी कोणाकडूनही खरेदी करण्याआधी आयएसओ 5011 नुसार मोजलेली कार्यक्षमता विचारावी आणि चाचणीची धूळ बारीक होती की जाडी हेही विचारावे, कारण जाड्या धुळीवरचा आकडा नेहमीच अधिक आकर्षक दिसतो.

उघड्या शंकूच्या आकाराचा फिल्टर मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. मूळ एअर बॉक्स काढून तो बॉनेटखाली मोकळा बसवला जातो आणि मग इंजिनाला रेडिएटर व एक्झॉस्टच्या शेजारची तापलेली हवा मिळते. बाहेर 40 अंश तापमान असताना बॉनेटखालची हवा 60 अंशांवर असेल, तर तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी कमी असते. फिल्टरने दिलेल्या अर्ध्या टक्क्याच्या बदल्यात सहा टक्के घालवायचे, आणि हेही विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, वाहतुकीच्या कोंडीत, जिथे इंजिनाला थंड हवेची सर्वांत जास्त गरज असते. कंपनीचा एअर बॉक्स समोरच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेतो, पावसाचे पाणी वेगळे करतो आणि आवाजही दाबतो. तो काढून टाकण्यासारखा भाग नाही.

मग परफॉर्मन्स फिल्टर कोणी घ्यावा? ज्यांच्या टर्बो गाडीचे ईसीयू रीमॅप झालेले आहे, म्हणजे अधिक शक्तीसाठी त्यातल्या सूचना बदललेल्या आहेत, त्यांना त्याचा खरा उपयोग आहे. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढल्यावर हवेचा प्रवाह मूळ आराखड्यापेक्षा बराच वाढतो आणि कॉम्प्रेसरच्या आधी झालेली दाबाची घट पुढे दाबाच्या गुणोत्तराने वाढलेली दिसते. गुणोत्तर दोन असेल तर आधीच्या एका किलोपास्कलची किंमत पुढे दोन किलोपास्कल होते. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेला जाणाऱ्यांनाही तो शोभतो, कारण तिथे डांबर स्वच्छ असते आणि इंजिन सतत वरच्या आरपीएममध्ये राहते. या दोन्ही प्रकारच्या मालकांना मी के अँड एनचा मूळ डब्यात बसणारा फिल्टर निःशंकपणे सुचवतो, अट एवढीच की रस्त्यावरच्या रोजच्या वापरासाठी कागदी फिल्टर परत बसवण्याची तयारी ठेवावी. अदलाबदल पाच मिनिटांची आहे.

वॉरंटीतल्या गाडीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुटा भाग बाहेरचा वापरला म्हणून उत्पादक वॉरंटी नाकारू शकत नाही, हे सांगताना परफॉर्मन्स फिल्टरच्या कंपन्या ज्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचा आधार देतात तो 1975 पासूनचा अमेरिकी कायदा आहे. भारतात तो लागू नाही. इथे आपल्या वॉरंटी पुस्तिकेतल्या अटीच महत्त्वाच्या, आणि मूळ नसलेल्या भागामुळे झालेला बिघाड त्या बहुधा वगळतात. सर्व्हिस ॲडव्हायझरकडून तोंडी होकार घेण्यापेक्षा जॉबकार्डवर लिहून घ्यावे.

कागदी फिल्टर घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. नामांकित कंपनीच्या खोक्यातला नकली माल बाजारात भरपूर आहे आणि तो चांगल्या सुती फिल्टरपेक्षा कितीतरी वाईट असतो. अधिकृत दुकानातून, होलोग्राम आणि एमआरपी पाहून, बिलासह घ्यावा. फिल्टर उजेडासमोर धरून घड्या सर्वत्र सारख्या अंतरावर आहेत का ते पाहावे. कड बोटाने दाबल्यावर लगेच पूर्ववत झाली पाहिजे. कागद आणि कड यांच्या जोडात कुठेही फट नको. बसवण्याआधी डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, साचलेली पाने आणि माती काढावी, उंदराने काही कुरतडले आहे का तेही पाहावे. झाकण लावताना कड चिमटली तर 99.9 टक्क्यांचा फिल्टरही निरुपयोगी ठरतो, कारण हवा त्या फटीतून फिल्टरला वळसा घालून थेट इंजिनात जाते. दोन-तीन हजार किलोमीटर गाडी चालवल्यावर फिल्टरच्या पुढची, थ्रॉटलकडे जाणारी नळी सोडवून तिच्या आत स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर करडी, खरखरीत भुकटी आली तर फिल्टर कोणत्याही कंपनीचा असो, तो काढून पुन्हा बसवावा, आणि तरीही भुकटी येत राहिली तर बदलावा.